तारापूरहून आणलेली सात नंबरची गाडी

वासंतीच्या पत्रात पाचच ओळी होत्या. त्यातली चौथी मी तीनदा वाचली. ‘हिरवी, लांब नाकाची, बॉनेटवर पांढऱ्या गोलात इंग्रजी सात. तू म्हणतेस तीच असावी. ठेवून घेतली आहे, सवडीने ये.’

सवड मास्तरणींना नसते, रजा असते. शनिवारची किरकोळ रजा मागितली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी कारण विचारलं आणि मी खरं ते सांगितलं.

“खेळण्यातली मोटार आणायला? पालघरला?”

“बोईसरला,” मी म्हटलं.

त्यांनी सही केली, पण चष्म्याच्या वरून बघत.

ही खेळणी नाहीत हे मी शाळेत समजावून थकले आहे. जुन्या शर्यतींत धावलेल्या खऱ्या मोटारींच्या या हुबेहूब प्रतिकृती असतात. परदेशात साच्यात धातू ओतून त्या करतात. खऱ्या गाडीच्या त्रेचाळीसाव्या हिश्श्याची लहान गाडी, तळहातावर मावेल एवढी. चोरबाजारातून गोळा केलेल्या अशा पाच गाड्या माझ्या ट्रंकेत आहेत. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला पहिल्याच दिवशी एक धडा दिला होता: “बाई, रंग शाबूत तर गाडी. रंग गेला की मोड.” तेव्हापासून मी त्या जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवते.

मला हवी होती ती सहावी. खरं तर तीच पहिली हवी होती. बाकीच्या पाच तिला शोधता शोधता मिळाल्या. माझे वडील गॅरेजात पत्रा ठोकायचं काम करायचे. मी लहान असताना एका शेठची शर्यतीची गाडी नाकावर आपटून त्यांच्याकडे आली. बाबांनी वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून, लाकडी हातोड्याने दीड महिना खपून तिचं अख्खं बॉनेट नवं घडवलं. पुढे ती जुहूच्या धावपट्टीवर धावली. त्या दिवशीचा फोटो गॅरेजात टांगलेला होता. त्यात शेठ आहेत, चालवणारा आहे, गाडी आहे. बाबा नाहीत. आता त्यांच्या हातांना कंप सुटला आहे. दिवाळीत त्यांनी काम सोडलं आणि तेव्हापासून ते गॅलरीत बसून असतात, न बोलता. तीच गाडी, तळहाताएवढी का होईना, त्यांच्या हातात द्यायची, एवढंच माझ्या मनात होतं.

म्हणून शनिवारी पहाटे ताडदेवहून निघाले.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर पहिली सूचना अशी की घरून पाणी घ्या आणि घड्याळ घरी ठेवा. विरारला गाडी बदलावी लागते. पुढची पॅसेंजर कोळशाच्या इंजिनाची; खिडकीशी बसलात तर डोळ्यांत कण जातात आणि आत बसलात तर काही दिसत नाही. मी खिडकी घेतली. वैतरणेच्या खाडीवर गाडी माणसाच्या चालीवर आली. भरती ओसरत होती, चिखलात बगळे उभे होते आणि पाण्यात पुलाच्या खांबांच्या सावल्या हलत होत्या. तेवढा वेळ फार बरं वाटलं. नंतर सफाळे गेलं, केळवे रोड गेलं, आणि पालघरला गाडी जी थांबली ती थांबलीच. आधी मेल जाणार होती, मग मालगाडी जाणार होती, मग नुसतीच थांबली.

पालघरला तालुक्याची कचेरी आहे, कोर्ट आहे, आणि स्टेशनाशेजारी सुक्या गवताच्या घरांएवढाल्या गंजी आहेत. हे गवत दाबून, गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांत जातं. सगळ्या फलाटाला त्याचा वास होता. एक कातकरी बाई पानांच्या द्रोणात बोरं विकत होती, ती घेतली. चहावाल्याला विचारलं, गाडी कधी सुटेल? तो म्हणाला, “सुटंल. सुटली नाय आशी एक पन गाडी मी बगितली नाय.” अडीच तासांनी त्याचं म्हणणं खरं ठरलं. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांनी हायवेने मनोरपर्यंत येऊन आत वळावं. तो रस्ता बरा आहे म्हणतात. मला अनुभव नाही.

बोईसरला उतरले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. हे स्टेशन वर्षा-दोन वर्षांत बदललं असं वासंती लिहायची ते दिसलं. समुद्राकडे मोठ्या वीजघराचं बांधकाम चालू आहे. त्यामुळे बाहेर ट्रकांची रांग, पत्र्यांच्या टपऱ्या आणि लांबलांबून आलेले कामगार. मला बॅग घेऊन उभी पाहून एका ट्रकवाल्याने विचारलं, “बहनजी, पावर हाउस जाना है?” मी नाही म्हटलं. “तो यहाँ और है क्या?” असं म्हणून तो खरोखरच्या नवलाने निघून गेला.

वासंती माझी कॉलेजातली मैत्रीण. माहेर नगरकडचं, नवरा बांधकामावर ओव्हरसियर. घरी मी पहिली बी. ए. आणि तिच्या घरी ती. परीक्षेच्या वेळी आम्ही एकाच कंदिलावर वाचायचो. भाड्याच्या एका खोलीत तिचा संसार आहे, आणि त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर सिमेंटची पातळ भुकटी. तिने पाणी दिलं, चहा दिला, बेटेगावच्या बाईकडून घेतलेल्या वालपापडीच्या शेंगा सोलायला माझ्यापुढे टाकल्या. सासूबद्दल बोलली, पाण्याबद्दल बोलली. गाडीचं नाव काढेना.

“वासे, गाडी कुठे आहे?”

“तारापूरला.”

“म्हणजे?”

“तू चिडणार असशील तर मी नाही सांगत.”

“चिडायला अंगात जोर नाही. सांग.”

वीजघरावरचं एक परदेशी कुटुंब मायदेशी परत निघालं होतं. जाताना त्यांनी व्हरांड्यात सामान विकायला मांडलं, त्यात मुलाच्या वस्तूंमध्ये ही गाडी होती. वासंतीच्या नवऱ्याने ती आणली. पण पुढच्या चाकांची दांडी वाकली होती. “तू एवढ्या लांबून येणार आणि मी मोडकी गाडी हातात देऊ? आणि तूच मागच्या पत्रात लिहिलं होतंस, ही डायकास्ट असते, जपून ठेव म्हणून. इथे डाय म्हटलं की कोणीही तारापूर-चिंचणीकडे बोट दाखवतं. तिकडे घरोघरी डाय करतात. तिथल्या एका चांगल्या कारागिराकडे ह्यांनी दुरुस्तीला दिली.”

मी शेंगा सोलत राहिले. तारापूरचे डायवाले सोनारांसाठी ठसे कोरतात, हे मलाही ऐकून माहीत होतं. पोलादाच्या ठोकळ्यात फूल, वेल, मोर कोरायचा. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकला की दागिन्याची नक्षी उठते. धातू वितळवून गाडी ओतण्याच्या साच्याशी या कामाचा एका शब्दापलीकडे संबंध नाही. पण तो शब्द मीच लिहिला होता.

रविवारी सकाळी दोघी एस.टी.ने निघालो. बोईसर ते तारापूर अंतर फार नाही, पण रस्ता ट्रकांनी उखडलेला आहे. धूळ एवढी की कंडक्टर तोंडाला रुमाल बांधून तिकिटं फाडत होता. तिकीट आण्यांत येतं, त्याची काळजी नको. डोक्याला बांधायला फडकं मात्र न्या. वीजघराच्या बाजूला उंच क्रेन दिसतात. तिकडे कुणाला जाऊ देत नाहीत, तेव्हा बघायला म्हणून जाणाऱ्यांनी तो बेत सोडावा.

आमच्या समोर दोन कोळणी बसल्या होत्या. बोंबील विकून परत चाललेल्या, पायाशी रिकाम्या पाट्या. त्यांतल्या थोरलीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“बाय, तू कुटची?”

“मुंबईची.”

“आनि तारापुरात कोन तुजं?”

“कोणी नाही. एक मोटार दुरुस्तीला दिली आहे, ती आणायची.”

“मोटार आनाया यष्टीनं?” दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

मी हाताने आकार दाखवला. “एवढीशी आहे.”

“मंग आसं बोल. पोरासाटी.”

“नाही, वडिलांसाठी.”

थोरलीने ते जरा चघळलं. “पोरानं बापासाटी खेळनं नेलेलं मी नाय बगितलं,” ती म्हणाली. मग धाकटीला कोपर मारून, “तुज्या सासऱ्याला ने एक. बसंल गप.” सगळी बस हसली. मी आठ-नऊ तास प्रवासात घालवून, रात्रभर डास मारून आले होते, तरी हसले.

तारापूर गाव सुरेख आहे. समुद्राजवळ जुना किल्ला आहे, त्याच्या तटावरून माडांचे शेंडे दिसतात. दारांपुढे लांबट अंगणं, अंगणात विहिरी. सावकाश चालायचं गाव. पण आमच्या दोघींच्याही टाचा भरून आल्या होत्या आणि किल्ला आम्ही फक्त बाहेरून, जाता जाता पाहिला. तुम्ही तसं करू नका.

कारागीर नारायणकाका ओटीवर खिडकीपाशी बसले होते. साठीचा माणूस, अंगात बंडी, एका डोळ्याला भिंग लावलेलं. समोरच्या ठोकळ्यावर बारीक छिन्नी आणि त्यावर इतका हलका हातोडा की टिक टिक असा घड्याळासारखा आवाज येत होता. “या, या. गाडीवाल्या ना? बसा. येवडी पाकळी सोडून उटता येत नाय.”

पाकळी संपेपर्यंत आम्ही बसलो. मग त्यांनी कौतुकाने एक तयार डाय हातात दिला. पोलादात खोल कोरलेली वेल, आणि मधोमध अक्षरं. मला ती वाचता येईनात.

“उलटी हायती,” ते म्हणाले. “डायमधी सगलं उलटं कोरायचं. पत्र्यावर उटलं की सुलटं. चालीस वरसं उलटंच कोरतो मी. आमची बायको बोलते, तुमचं बोलनं बी तसंच.”

“खोटं हाय का?” आतून काकींचा आवाज आला.

मग नारायणकाकांनी फळीवरून एक लाकडी डबी काढली, कापसातून गाडी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

ती हिरवी नव्हती. ती नव्या रुपयासारखी चकचकत होती. नाकापासून शेपटापर्यंत रंगाचा ठिपका नव्हता. आकार तोच, लांब नाक, उघडी बैठक, तारांची नाजूक चाकं. दांडी सरळ केलेली, चाकं वाऱ्यानेही फिरतील अशी. आणि सगळी नागडी.

“रंग कुठे गेला?” मला वाटतं मी फार हळू विचारलं.

“काडला.” त्यांचा चेहरा फुलला होता. “तीन दीस लागलं. हे लोकंड नाय, जस्त हाय, नरम. कानस लावली तर खाऊन जाईल. म्हनून नुसता पालिस कागद, नि मंग कापडानं घासलं. बाय, रंगाखाली काय काय होतं तुला म्हाईत नाय. दोन बारीक भोकं, एक चीर. सगली भरली. रंग म्हंजी पदर. चूक झाकाया बरा. आमच्या धंद्यात पदर चालत नाय. धातू उगडा दिसला पायजे, तवा कारागीर समजतो.”

वासंतीने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली केली. मोड, मी मनात म्हटलं. चोरबाजारातला म्हातारा ही हातातसुद्धा घेणार नाही. पण खरं दुःख त्याचं नव्हतं. बाबांची गाडी हिरवी होती. फोटोत ती काळी-पांढरी दिसे, तरी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, ही हिरवी बरं का. सात नंबर.

“आणि नंबर?”

“तो तर कागदाचा होता. भिजवल्यावर निगाला. पर मी बोललो, पोरगी नंबर इच्यारनार.” त्यांनी गाडी माझ्या हातात फिरवून बॉनेट उजेडाकडे केलं. “कोरला. आता शंबर वरसं जानार नाय.”

बॉनेटवर, होता त्याच जागी, एक बारीक वर्तुळ आणि त्यात सात कोरलेला होता. रेघ इतकी स्वच्छ की पाण्यात बोट फिरवल्यासारखी. मी बघत राहिले. काहीतरी खटकत होतं आणि काय ते थकव्याने पटकन कळेना. मग कळलं. साताची तिरकी रेघ वरच्या आडव्या रेघेच्या उजव्या टोकापासून खाली यायला हवी. ती डाव्या टोकापासून आली होती. सात उलटा होता.

“काका, हा सात...”

“बोल.”

त्यांनी भिंग काढलं होतं. भिंगाविना त्यांचे डोळे थकलेले, पाणावलेले दिसत होते. चाळीस वर्षं उलटं कोरणाऱ्या हाताने सवयीने कोरला होता, आणि त्या डोळ्यांना तो सुलटच दिसत होता. वर्गात मी मुलांना रोज सांगते, चूक दिसली तर सांगावी, सांगण्यात प्रेम असतं. सांगताना मला ते किती सोपं वाटतं.

“छान आलाय,” मी म्हटलं.

काकींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. उकडहंडी केली होती. मडक्यात पापडी, कोनफळ, रताळी, वांगी घालून, तोंड पाल्याने बंद करून निखाऱ्यावर शिजवतात. थंडीत तिकडे गेलात तर ही मागून खा. हॉटेलात मिळणार नाही, कुणाच्या तरी घरी पाहुणे व्हावं लागेल. मजुरीचं विचारलं तर नारायणकाका म्हणाले, “खेलन्याचे पैसे घेऊ? मी काय येवडा बुडालो नाय.” आणि काकींकडे बघून, “रंग काडायला मजा आली मला.”

परतीच्या बसमध्ये वासंतीने गाडी मागून घेतली. उन्हात धरली. थोड्या वेळाने म्हणाली, “कुमे, हा सात उलटा आहे.”

“माहीत आहे.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोललीस?”

तिने गाडी कापसात ठेवली. बोईसर आलं. स्टेशनवर तिने माझा हात धरला. “मी रंगाचं सांगायला हवं होतं त्यांना. मला वाटलं, दुरुस्तीला देणं म्हणजे फक्त दुरुस्ती.”

“मी पत्रात डाय लिहायला नको होतं,” मी म्हटलं. रडण्याइतकी ताकद दोघींतही उरली नव्हती, त्यामुळे ते भांडण तिथेच मिटलं.

येताना पॅसेंजर पालघरला दहाच मिनिटं थांबली. तोच चहावाला खिडकीशी आला. “सुटली ना गाडी?” त्याने विचारलं. मी मान हलवली. वैतरणेची खाडी आली तेव्हा माझा डोळा लागला होता.

बाबांना गाडी द्यावी की नाही, हे रविवारी घरी पोचेपर्यंत ठरत नव्हतं. हिरवी म्हणून सांगितलेली गाडी चंदेरी, आणि नंबर उलटा. सोमवारी सकाळी शाळेला निघण्याआधी शेवटी डबी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: पत्र, डाय हा शब्द, काढलेला रंग, उलटा सात. नारायणकाकांना सांगायचं धैर्य झालं नाही तेही सांगितलं.

बाबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी दोन्ही हातांनी गाडी धरली. हात थरथरत होते, म्हणून त्यांनी कोपरं गुडघ्यांवर टेकवली. मग बॉनेटवरून, नाकाच्या वळणावरून बोट फिरवलं. पुढून मागे, पुन्हा पुढे. खऱ्या पत्र्यावर उंचवटा राहिला आहे का हे बघताना ते असंच बोट फिरवायचे.

“रंगाऱ्याने हात लावायच्या आदल्या दिवशी ती अशीच होती,” ते म्हणाले. “अशीच. गॅरेजात मी आणि ती. दुसऱ्या दिवशी हिरवी झाली. मग ती शेठची.”

आई चुलीपाशी थांबली. दिवाळीनंतर बाबा एवढं बोलले नव्हते.

“कोणी केलं म्हणालीस?”

“तारापूरचे नारायणकाका.”

“हात आहे माणसाला. चीर कुठे होती ते सापडत नाही.” आणि मग, “त्याला कळव, कुमू. सात उलटा आला म्हणून. कारागिराला सांगायचं असतं. मला नसतं सांगितलं तर मला राग आला असता.”

मी पोस्टकार्ड घेऊन बसले. एका ओळीपुढे जाईना. शाळेची वेळ होत आली होती. या प्रवासातून काय आणलं म्हणून विचाराल तर पायांत गोळे, केसांत सिमेंट आणि जिला कोणताही संग्राहक हात लावणार नाही अशी एक गाडी. पुन्हा जाल का म्हणाल तर हो. किल्ला राहिला आहे.

पोस्टकार्डावरून मान वर केली तेव्हा बाबा बॉनेटवर अंगठा दाबून बसले होते. दाबला की त्यांचा कंप थांबतो. त्यांना लिहिता येत नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यापासून बी. ए.च्या फॉर्मापर्यंत पालकाच्या जागी हाच अंगठा उमटलेला आहे, निळा, किंचित तिरका. त्यांनी तो उचलला आणि उजेडाकडे धरून माझ्याकडे वळवला.

अंगठ्याच्या पेरावर वर्तुळ उठलं होतं, आणि त्यात सात. सुलटा.

“हे पण लिही त्याला,” बाबा म्हणाले.

बघता बघता ती खूण कातडीत मुरून दिसेनाशी झाली. बाबांनी अंगठा पुन्हा दाबला.